मागांच्या खडखडाटात

सुरतमधल्या कतारगामच्या यंत्रमाग कारखान्यात मोबाइलचा गजर कुणाच्या बापाला ऐकू येत नाही. रुग्णांना एचआयव्हीची गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायला लावणं हे समुपदेशक म्हणून माझं काम. पण तिथला एक खानदेशी कामगार मला म्हणाला, "ताई, गजर वाजला तरी मला कळणार कसा?" मी चिडले, त्याच्यावर नाही, त्या खडखडाटावर!

मार्ग त्यानेच काढला. तिथे सगळे हातवारे करूनच बोलतात. शेजारच्या मागावरच्या दोस्ताला त्याने विश्वासात घेऊन आजार सांगितला. तेव्हापासून संध्याकाळचा चहा आला, की दोस्त चिमूट तोंडाशी नेऊन विचारायचा, गोळी घेतली का?

परवा त्याचा रिपोर्ट आला. रक्तात विषाणू सापडतच नव्हता! फोन त्याला ऐकू जाणार नव्हता, म्हणून मी धावतच कारखाना गाठला आणि दारातून दोन्ही हात उंचावून नाचवले. त्याला कळलं! तो मागासमोरच नाचायला लागला, मग मीही. बाकीच्यांना वाटलं, याला लॉटरी लागली.

दोस्तही हसला, पण जागचा हलला नाही. आमच्या नाचात चहा कधीच येऊन गेला होता. त्याने डोळे वटारले आणि चिमूट तोंडाशी नेली.