डावं मागचं दार

शर्ट उलटा घालायचे. बटणं पाठीवर. गाडीवर वाकल्यावर बटण रंगाला घासू नये म्हणून.

कामाला लागण्याआधी घड्याळ आणि अंगठी रिकाम्या डब्यात ठेवायचे.

जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीच्या अंगाला लावायचे नाहीत. ते चाकांसाठी. कायमचं.

कोणी बॉनेटवर कोपर टेकवून बोलू लागलं की त्याचं बोलणं ऐकायचे नाहीत. कोपराकडे बघत राहायचे.

खोकला आला की गाडीकडे पाठ करायचे.

घरी ताटं धुतानाही दोन पाणी घ्यायचे, एक साबणाचं, एक घासणी विसळायचं. मामी म्हणायची, "ताटाला कुठं ओरखडा दिसणार आहे? द्या इकडे, संध्याकाळ होईल तुमची."

सगळे त्यांना मामा म्हणायचे, म्हणून मीही. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले. अजून सकाळी शोरूमच्या मागच्या बाजूला गेलो की मी आधी दोन बादल्या शोधतो.

साहित्यात एम.ए. केल्यावर मला जी नोकरी मिळाली ती गाड्यांच्या शोरूममध्ये, सर्व्हिसिंगच्या काउंटरवर. गिऱ्हाईक गाडी आणतं, मी जॉब कार्ड लिहितो. पहिल्याच आठवड्यात मामा माझं एक कार्ड हातात घेऊन काउंटरवर आले. मी लिहिलं होतं, 'ब्रेक दाबल्यावर दुखावल्यासारखा आवाज.'

"कवी," ते म्हणाले, "आवाज पुढून येतो की मागून, तेवढं लिही. दुखतंय की नाही ते मेकॅनिक बघेल."

तेव्हापासून मी कवी. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो. माझ्या वडिलांपेक्षाही ते वयानं मोठे होते, पण माझा शोरूममधला दोस्त म्हणजे तेच.

मामा वॉशिंगला होते. सर्व्हिसिंग झालेली प्रत्येक गाडी फुकट धुऊन द्यायची, हा आमच्याकडचा नियम. गाडीमागे आठ मिनिटं. लांब दांड्याचा एक ब्रश, एक स्पंज, एक बादली. त्याच बादलीत सकाळच्या पहिल्या गाडीचा चिखल आणि दुपारच्या सहाव्या गाडीचा फेस. स्पंजमध्ये अडकलेली वाळू पुढच्या गाडीवर फिरते. ओली गाडी चकचकीत दिसते, गिऱ्हाईक खूश होऊन सही करतं. चार दिवसांनी उन्हात उभी केली की रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतात. तोवर ती आमच्याकडून आलीत हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

मामांना आधीच दिसायचं. कारण ते मुळात रंगारी होते. पंचवीस वर्षं त्यांनी गाड्या रंगवल्या. मग छाती भरली, डॉक्टरांनी स्प्रे गन हातात घ्यायची नाही असं सांगितलं, आणि ते पाण्याच्या पाइपवर आले. "आधी रंग चढवत होतो," ते म्हणायचे, "आता उतरवतो. पगार तेवढाच."

स्पंज विसळायला दुसरी बादली हवी म्हणून ते तीन वेळा मॅनेजरकडे गेले. तिसऱ्या वेळी मी तिथेच होतो.

"मामा, अहो फुकटच्या धुण्याला दोन-दोन बादल्या?"

"फुकट आहे म्हणून तर कोणी तक्रार करत नाही, साहेब."

"मग झालं तर."

शेवटी दुसरी बादली त्यांनी घरून आणली. दांड्याचा ब्रश ते हातात घेत नसत. त्यांची गाडी आठ मिनिटांत कधीच व्हायची नाही. बाकीचे दोघं धुणारे हसत हसत त्यांच्या वाट्याच्या गाड्या ओढून घ्यायचे. त्या दोघांचा मामांवर फार जीव होता, हे सांगायला हवं.

ज्यांना गाडी धुऊन नको असेल त्यांच्यासाठी मामांनी एक युक्ती काढली. पिवळ्या कापडाची पट्टी. मी ती आतल्या आरशाला बांधायची. पट्टी दिसली की पाणी लावायचं नाही.

गेल्या वर्षी एक निवृत्त नर्स गाडी घेऊन आल्या. जुनी काळी गाडी. किल्ली देताना म्हणाल्या, "ऑइल बदला, ब्रेक बघा. पण धुऊ नका. मी घरी मऊ बनियननं पुसते. यजमान असल्यापासूनची सवय आहे."

मी पट्टी बांधली. मामा तिथून चालले होते. ते थांबले. गाडीभोवती एक फेरी मारली, मग डाव्या मागच्या दाराशी बसले आणि हँडलच्या खाली बोट फिरवलं. बराच वेळ.

"कवी, इकडे ये. लाव बोट."

बोटाला काहीतरी लागलं. गव्हाच्या दाण्याएवढं.

"ओघळ आहे. माझा. खोकल्याची उबळ आली आणि हात थांबला, तेवढ्यात रंग ओघळला. सिस्टरांच्या यजमानांना दिसला नाही, मी सांगितला नाही." मग उठून म्हणाले, "ही माझी शेवटची गाडी. हिच्यानंतर गन धरली नाही. बघ तरी, दहा वर्षं झाली, अंगावर एक ओरखडा नाही. बाईंनी जपलीय."

मी त्यांना इतकं आनंदलेलं कधी पाहिलं नव्हतं. दुपारी ते छातीच्या तपासणीसाठी दवाखान्यात गेले. चहाच्या वेळी मी धुणाऱ्या त्या दोघांना सगळं सांगितलं. रंगवून सांगितलं. मामांची शेवटची गाडी, दहा वर्षं, एक ओरखडा नाही.

पट्टीबद्दल बोललो नाही. ती दिसतेच आहे, असं मला वाटलं. पण मेकॅनिक ब्रेक बघायला गाडी फिरवून आला होता आणि लोंबणारी पट्टी मध्ये येते म्हणून त्यानं ती काढून सीटवर टाकली होती.

पट्टी नाही म्हणून त्या दोघांनी गाडी धुतली. आणि मामांची गाडी म्हणून आठ मिनिटांत नाही. दोघांनी मिळून, दांड्याच्या ब्रशनं, तीन वेळा. आणि कोरडी करताना जोर लावून.

सकाळी मामा अंगठी डब्यात ठेवून बाहेर आले तेव्हा गाडी उन्हात उभी होती. छतापासून डिकीपर्यंत वर्तुळंच वर्तुळं. ते दोघं बाजूला उभे होते, शाबासकीची वाट बघत.

"कशी झालीय, मामा? तुमची म्हणून खास घासली."

मामांनी एकाच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "दिसतंय. फार मनापासून घासलीय." आणि आत जाऊन डब्यातून अंगठी काढून बोटात घातली. कामाच्या वेळी मी त्यांना अंगठी घातलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मी म्हणालो, "मामा, माझ्यामुळे झालं. मी त्यांना सांगितलं."

"मग काय सांगू नये? चांगलंच सांगितलंस," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

सिस्टर आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. मॅनेजर धावत आले, दिलगिरी व्यक्त केली आणि त्यांच्या हातात एक कूपन दिलं. पुढचे तीन वॉश फुकट.

सिस्टरांनी कूपन वाचलं आणि घडी घालून मॅनेजरांना परत दिलं.

तेव्हा मामा पुढे झाले. "सिस्टर, ही मी रंगवली होती. मला रविवारी तुमच्या दारात काम करू द्या. होती तशी करून देतो."

"किती दिवस लागतील?"

"एका रविवारी एक भाग. घाई केली तर रंग जाईल."

सिस्टर त्यांची छाती वरखाली होताना बघत होत्या. "तुम्हाला हे काम झेपेल?"

"हे एवढं झेपेल."

त्यानंतरचे रविवार मी मोजले नाहीत. सिस्टरांच्या घरापुढच्या पत्र्याखाली मामा, उलटा शर्ट, हातात पॉलिशचं यंत्र. मी वायर धरायचो, बाटल्या द्यायचो, फडकी बदलायचो. सिस्टर खुर्ची टाकून बसायच्या आणि दर अर्ध्या तासानं म्हणायच्या, "आता थांबा. पाणी प्या." सुरुवातीला मामी घरी चिडायची. "लग्नाला चौतीस वर्षं झाली, माझ्या डोक्याला कधी इतकं तेल चोळलं नाहीत." मग तीही येऊ लागली. मामांच्या तोंडावर रुमाल बांधायची आणि गाठ त्यांना सोडता येऊ नये म्हणून घट्ट मारायची.

एकदा मी विचारलं, "ओरखडा नेमका कशानं भरता?"

"भरत नाही," मामा म्हणाले. "ओरखडा भरता येत नाही. आजूबाजूचा रंग घासून त्याच्या पातळीला आणायचा. मग तो दिसत नाही."

"म्हणजे तुमचाच रंग कमी होतो."

"होतो की. मी जाड चढवला होता, नशीब." आणि हसले. हसण्याचा खोकला झाला. त्यांनी गाडीकडे पाठ केली.

छत झालं. बॉनेट झालं. डिकी, उजवी बाजू. डावीकडचं पुढचं दार. प्रत्येक भाग झाला की ते सिस्टरांना बोलवायचे, आणि त्या चष्मा वर करून त्यात स्वतःचा चेहरा बघायच्या. डावं मागचं दार त्यांनी शेवटी ठेवलं होतं. "तिथं माझाही ओघळ आहे," म्हणाले. "या वेळी तोही काढतो. सिस्टरांना तेवढं सांगायचंय."

त्या रविवारी दाराचा पुढचा अर्धा भाग झाला. ओघळ मागच्या अर्ध्यात, हँडलखाली. मामा यंत्र बंद करून खाली बसले. ओठ निळे पडले होते. सिस्टरांनी नाडी धरली आणि म्हणाल्या, "आज बस."

"अर्धंच राहिलंय."

"राहू दे."

मामांनी माझ्याकडून टेप घेतली आणि दाराच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक सरळ पट्टी चिकटवली. "पुढच्या रविवारी इथून," म्हणाले.

गुरुवारी ते दवाखान्यात दाखल झाले. शनिवारी पहाटे मामीचा फोन आला. मला वाटलं, उद्या यायला जमणार नाही एवढंच सांगायला केलाय.

काल मी सिस्टरांकडे मामांचं यंत्र आणायला गेलो. गाडी पत्र्याखालीच होती. धूळ बसली होती. सिस्टर म्हणाल्या, "पुसली नाही. पुसायला गेले तर टेप निघेल."

मग यंत्र माझ्या हातात देताना, "तुम्हाला येतं का हो?"

"नाही," मी म्हणालो. "मी नुसता बघत होतो."

टेपच्या पुढे, धुळीखालीसुद्धा, दार स्वच्छ दिसत होतं. टेपच्या मागे वर्तुळं. मी खाली बसलो आणि हँडलखाली बोट फिरवलं.

ओघळ तिथेच आहे. सिस्टरांना अजून कोणी सांगितलेलं नाही.