न्वाकेगोचं माप

"ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्या की," हे न्वाकेगोचं ठरलेलं वाक्य. तीस वर्षं ती दर चार दिवसांनी भरणाऱ्या न्क्वोच्या बाजारात सुकी कोळंबी विकायला बसली. टोमॅटोचा रिकामा डबा हे तिचं माप. मापायच्या आधी ती डबा उलटा करून तळ दाखवायची, आत ठोकून माप कमी केलेलं नाही म्हणून. मग गुडघे धरले, बसवेना, तशी ती फिरायला लागली. डोक्यावर टोपली तीच. आत मात्र एक वही, एक फोन आणि कंप्युटरच्या प्रोग्रामांची लायसन्सं.

लागोसची कंपनी लायसन्स वर्षाचंच द्यायची, तेही पाच कंप्युटरांचं. न्वाकेगो त्यांच्या ऑफिसातल्या बाकावर तीन दिवस बसून राहिली आणि एका कंप्युटरचं, एका आठवड्याचं लायसन्स मिळवूनच उठली.

तसलं एक ओलाएदोनं घेतलं. ओलाएदो भरतकाम करायची. मशीनला नक्षी सांगणारा तिचा प्रोग्राम आजवर चोरीचा होता. तो मनाला येईल तेव्हा बंद पडे आणि केलेलं काम गिळून टाके. न्वाकेगोच्या भरवशावर तिनं पहिल्यांदा मोठं काम धरलं. कोनफळाच्या सणाला नाचणाऱ्या महिला मंडळाचे बारा ब्लाउज, प्रत्येकाच्या पाठीवर ताडाचं झाड. एका न्क्वोच्या बाजारादिवशी तिनं लायसन्स सुरू केलं. मधला एक बाजार सोडून पुढच्या न्क्वोला, नवव्या दिवशी सकाळी, ब्लाउज द्यायचे होते.

आठव्या दिवशी सकाळी पडद्यावर पाटी आली, मुदत संपली. नववा ब्लाउज मशीनवर होता. सुई झाडाच्या मध्यावर थांबली.

निरोप मिळताच न्वाकेगो घाम पुसत आली.

"न्ने, तू आठवडा म्हणाली होतीस ना?" गावातले सगळे तिला न्नेच म्हणत, आई.

"म्हणाले होते."

"मग आजचा दिवस माझा आहे."

न्वाकेगोनं बोटांवर मोजलं. बाजार चार दिवसांनी, दोन बाजारांचा मिळून मोठा आठवडा, आठ दिवसांचा. ती जन्मली तेव्हापासून हेच. तिनं लागोसला, कंपनीतल्या फोलारिन साहेबांना फोन लावला.

"फोलारिन ओगा, तुमचा आठवडा एक दिवस कमी भरला."

"मॅडम, आठवडा सात दिवसांचाच असतो."

"तो चर्चचा. रविवारी मीही जाते, पण तिथं ब्लाउज कोणी घेत नाही. बाजाराचा आठवडा आठ दिवसांचा."

"पण हे मी प्रोग्रामला कसं समजावू?"

"मला विचारताय? मी कोळंबीवाली."

पलीकडे हसू आलं आणि आवरलं गेलं. "एकीला दिवस वाढवून दिला तर सगळेच मागतील."

"मागतीलच. सदतीस गाळ्यांत मी हाच शब्द देऊन आले. तुमच्या डब्याचा तळ आत ठोकलेला आहे, ओगा, आणि तो मी माझ्या हातानं विकला."

ओलाएदोनं खाली पाहिलं. या बाजारात बाईला कोणी काहीही म्हणेल, पण तिचा तळ ठोकलेला आहे, हे नाही. आणि न्ने ते स्वतःलाच म्हणत होती.

"आजचा दिवस देतो," फोलारिन म्हणाला. "पुढचं वरच्यांना विचारून सांगतो."

लायसन्सचे नवे आकडे फोनवर आले. ओलाएदोनं ते एकेक करून टाइप केले. सुई पुन्हा चालू झाली, अर्ध्या झाडाला फांद्या फुटू लागल्या.

"आता बस, न्ने. कोनफळ उकडलंय, तेल-मिरची आहे."

"ठेव झाकून. अजून छत्तीस गाळे आहेत. वरचे हो म्हणेपर्यंत आठवडा सातच दिवसांचा, हे आजच सांगायला हवं."

"फोन कर ना. या गुडघ्यांनी कुठं जातेस?"

"कोळंबी विकताना तळ हातात धरून दाखवायची मी, पोरी. फोनवरून कसा दाखवू?"

तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि लोहाराच्या गल्लीकडे वळली, एक पाय जपून टाकत. ओलाएदो दारात उभी होती. मागे मशीन टकटकत होतं, तरी टोपली वळणाआड जाईपर्यंत ती आत गेली नाही.