गाडीतली जपानी बाई

पार्किंगमध्ये एक जुनी इम्पोर्टेड गाडी सुरू झाली आणि आतून तीच रेकॉर्ड केलेली जपानी बाई बोलली. ऑकलंडच्या मनुरेवा उपनगरात राहताना आमच्या पहिल्या गाडीतही ती रोज किल्ली फिरवताच जपानीत काहीतरी बजावायची. जपानी गाडी दगा देत नाही, असं सगळेच म्हणायचे, म्हणून मी दुर्लक्ष करायचो. पण बायकोला कळा सुरू झाल्या त्या सकाळी तोच आवाज ऐकून मी गिअर टाकता टाकता थांबलो. "ब्रेकचं तर सांगत नसेल?" "तू चालव रे," ती दात आवळून म्हणाली. हॉस्पिटलपर्यंत मी ब्रेक चाचपत गेलो. तिथल्या जपानी नर्सला ते पाठ झालेलं वाक्य म्हणून दाखवलं, तर ती हसायलाच लागली. गाडीतली बाई जपानमधल्या टोलचं कार्ड मागत होती, इथे, ऑकलंडात, रोज. त्या दिवशी जन्मलेली लेक आता इंग्लिशमध्येच उत्तर देते. मी अजून मराठीतच विचारतो.