गल्लीचा एकच ईमेल

आमच्या गल्लीत कालपरवापर्यंत ईमेल एकच होता, आणि तो माझा. मोबाइल घरोघरी आहेत, पोरं दिवसभर व्हिडिओ बघतात. पण ऑनलाइन काही मागवताना ईमेलचा रकाना आला की सगळ्यांचे हात थांबतात. मग कोणीतरी म्हणतं, "मॅडमना टाक ना." मी प्रकाशा गावच्या शाळेत शिकवते, म्हणजे माझ्याकडे ईमेल असणारच, आणि असला तर तो रेशनकार्डासारखा सगळ्यांना पुरणारच, असा समज.

त्यामुळे त्या ऑनलाइन दुकानाच्या मते मी कोण आहे, हे ऐकण्यासारखं आहे. माझे गुडघे दुखतात. मला दाढी आहे, आणि ती मऊ राहावी म्हणून मी तेल लावते. मी सात महिन्यांची गरोदर असून पपईवर फवारायला पाठीवरचा पंप शोधते आहे. शाळेत परिपाठ चालू असताना रोज या बाईला दुकानाचे मेल येतात. "फक्त तुमच्यासाठी!" "आम्हाला तुमची आठवण येतेय!" नोंदणी करताना मी हजेरीपटाच्या सवयीने आडनाव आधी लिहिलं, तेव्हापासून दुकान मला नुसत्या आडनावाने हाक मारतं, पोलीस चौकीत मारतात तशी. आणि म्हणे आठवण येते! माझ्या सख्ख्या भावाला ती राखीलासुद्धा येत नाही.

एकदा वैतागून मी "मेल नकोत" वर बोट दाबलं. लगेच रडक्या मांजराचं चित्र आलं आणि "तुम्ही का जाताय?" म्हणून कारणांची यादी. मी "फार मेल येतात" हे कारण निवडलं. दुसऱ्या दिवशी मत कळवल्याबद्दल आभाराचा मेल आला, आणि संध्याकाळी आभारासोबत सवलतीचा. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. मी नाद सोडला. तेव्हा नाद सोडला नसता तर पुढचं झालं नसतं.

माझ्या समोरच्या घरात एक मुलगा राहतो. पपईच्या गाड्या भरून देतो, सुपारीचंही व्यसन नाही, आईला जपतो. पंचविशीतच त्याला टक्कल पडलं आणि त्यावरून दोन स्थळं मोडली. शेवटी तो सुरतेला जाऊन केसांचा पॅच बसवून आला. पॅच डोक्याला चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लागते. ती दर महिन्याला माझ्या ईमेलवरून येऊ लागली, कारण त्याचा फोन दिवसभर मित्रांच्या हातात. त्याची आई माझ्या स्वयंपाकघरात बसून डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "कोन्ले सांगू नका हां, मॅडम." मी शब्द दिला.

मग तिसरं स्थळ आलं. आमच्याकडे सोयरीक जुळण्याआधी मुलीचा बाप मुलाच्या शेजाऱ्याकडे चौकशीला येतो, आणि शेजाऱ्याने खरं सांगायचं असतं. हा बाप माझ्या ओळखीचा निघाला. त्याच्या गावच्या शाळेत मी आधी होते, त्याची मुलगी माझ्या हाताखाली चौथीला होती. खुर्चीत टेकताच तो म्हणाला, "मी दुसऱ्या कोन्ले इचारनार नही. तुमना शब्द बस शे."

मी म्हटलं, "पोऱ्या सोनं शे." ते खरंच होतं. बापाला मुलगा नीट पाहता यावा म्हणून गल्लीतल्या गणपतीसमोरचा मुलाचा फोटो उघडून फोन त्याच्या हातात दिला. आणि तेवढ्यात दुकानाला माझी आठवण आली. पडद्याच्या वरून पट्टी उतरली आणि बरोबर मुलाच्या डोक्यावर येऊन थांबली: "हेअर पॅचची टेप संपत आली का? केस सैल होण्याआधी मागवा!"

त्याने चष्मा सारखा करून ते दोनदा वाचलं. "हाई काय शे, मॅडम?"

"मन्हं शे ते," मी म्हटलं.

माझे केस कमरेपर्यंत आहेत. मला दुसऱ्या कशाचा गर्व नाही, पण केसांचा आहे. त्याने माझ्या अंबाड्याकडे अशा काही दयेने पाहिलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "चालस मॅडम, वय शे," म्हणाला आणि चहा संपवून होकार देऊन गेला.

लग्नात बायका माझ्या मागच्या खुर्च्या धरून बसल्या. हळद लावायच्या निमित्ताने एकीने अंबाडा ओढूनही पाहिला. ही बातमी पसरवली कोणी? ज्या बाईच्या मुलाची अब्रू मी झाकली, तिनेच. व्याह्याकडून ऐकलेलं ती त्यांच्याकडच्याच बायकांना सांगत होती, "मॅडमना केस खरा नहीत बरं." कदाचित संशय आपल्या घराकडे फिरू नये म्हणून असेल. पण मला फार राग आला, आणि त्या दिवशी मी जेवण न करता परत आले. महिनाभर मला वाटत होतं की या सगळ्यात फसवली गेले ती मीच.

मग एका दुपारी नवी सून टेपचं रिकामं पाकीट घेऊन माझ्या दारात आली. "मॅडम, यानी ऑर्डर टाकानी शे." मी चष्मा शोधण्यात बराच वेळ घालवला. ती उभीच होती.

"तुम्हले मालूम व्हतं ना?"

मी हो म्हटलं. त्याच्या आईचं रडणं सांगितलं, मोडलेली स्थळं सांगितली, मुलगा किती चांगला तेही सांगितलं.

"चांगला शे, मी कोठे नही म्हनस?" ती म्हणाली. "तुम्ही लगीनना आधी सांगतात तरी मी त्याले व्हय म्हनती, काय माहीत. पन इचार करानी संधी माले भेटाले पाहिजे व्हती."

चौथीत ती पाढा चुकली की मी तिला पुन्हा म्हणायला लावायचे. आता ती समोर उभी होती आणि चुकले होते मी. मी ऑर्डर भरायला घेतली. ईमेलचा रकाना आला तसा तिने माझा हात धरला.

"तुमना नको. मन्हा टाका."

तिने तो एकेक अक्षर सांगितला आणि मी लिहून घेतला. आता टेपचे मेल तिच्याकडे जातात. टेप संपायच्या आधी दुकान तिला न चुकता कळवतं. मी तिला लग्नाआधीसुद्धा कळवलं नव्हतं.