सतराशे मैलांचा शनिवार

महाडचा हसन परकार वीस वर्षं ट्रक चालवत होता. अंतर तो मैलांत नव्हे, तासांत सांगे. पोलादपूर पाऊण तास, कशेडी घाट उतरून खेड अडीच, दरड आली तर मात्र अल्ला मालिक.

१९६३ सालच्या एका शनिवारी सकाळी नऊला त्याच्या घरी कुवेतहून तार आली. मुलगा रऊफ तिथल्या एका कंपनीत कामाला होता. पंधरवड्यापूर्वी लोखंडी पाइप पडून त्याचा पाय चेचला होता आणि जखम चिघळत चालली होती. बोटीने आठ दिवस लागले असते. तेवढं थांबायला तिथले डॉक्टर तयार नव्हते.

सातवी झालेल्या मुलीने, नुरजहाँने तार वाचली. भाऊ शनिवारी सकाळी आठच्या विमानाने निघतोय, पाच तासांत मुंबई. मुंबईत डोंगरीतल्या युसुफमामूलाही कळवलंय, तो उतरवून घेईल.

"म्हंजे निघून तास झाला," हसन म्हणाला. आता एस.टी. धरली तरी मुंबईला आठ तास. सतराशे मैलांवरचा पोरगा बापाच्या आधी पोचणार होता. हसन घरीच थांबला. युसुफ पोचल्याची तार करणार होता.

एक वाजला. दोन वाजले. हसनने ताटाला हात लावला नाही.

"समुद्रावर बिघडलं तर ते उभं कुठं करतात?" त्याने विचारलं.

त्याची बायको खैरुनबी तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुमची गाडी घाटात अडकते तवा मी रोज असंच इचारते. कोन सांगत नाय."

अडीचला चपला घालून हसन पोस्टात गेला.

तारबाबू येसाजी मोरे खिडकीत होते. "मुंबईची तार हाय का? विमान एकला पोचायचं होतं," हसन म्हणाला.

"एकला कसं?"

"आठला निघालं, पाच तास."

"हसनभाई, ते आठ तिथले. तिथे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेदहा. विमान साडेतीनला उतरेल. अजून ते वाटेतच आहे."

हसन बाकावर बसला. म्हणजे सकाळी तो ज्या विमानासाठी दुवा मागत होता, ते तेव्हा जमिनीवरच होतं. त्याला हसू आलं नाही. साडेतीन व्हायला अजून पाऊण तास होता, आणि समुद्र तेवढाच होता.

साडेपाचला तारेचं यंत्र कडकडलं. मोऱ्यांनी कागद वाचून दाखवला. रऊफ सुखरूप उतरला, इस्पितळात नेतोय.

हसनने कागद घेतला आणि उलटसुलट करून पाहत राहिला. मोऱ्यांनीच घडी घालून त्याच्या खिशात ठेवला.

पुढे घाट बंद असला की हसन पोलादपूरच्या स्टँडवर महाडकडे जाणारा कंडक्टर गाठायचा. "घरी सांगा, गाडी खोळंबलीय, मी बरा हाय."

रऊफच्या पायाची दोन बोटं कापावी लागली, पण पाय वाचला. तिसऱ्या महिन्यात तो काठी टेकत महाडला एस.टी.तून उतरला. हसनने पुढे होऊन त्याची ट्रंक डोक्यावर घेतली आणि त्याच्या चालीने हळूहळू घराकडे निघाला.