आजाऱ्याचं माडगं

स्वयंपाकाची जुनी पुस्तकं जमवायचा मला नाद आहे. मस्तगडच्या रद्दीवाल्याला तो पक्का ठाऊक आहे. मी दिसले की बाकीची गिऱ्हाइकं सोडून तो गठ्ठे उपसायला लागतो. माझ्या सर्वांत लाडक्या पुस्तकाची पुढची पानं फाटलेली आहेत, त्यामुळे लेखिका कोण ते कळत नाही. पण बाई मोठी फटकळ. ‘पुरण सैल झाले तर हरभऱ्याला दोष देऊ नये,’ असं लिहून मोकळी होते. एक चित्र नाही, कौतुकाचा एक शब्द नाही, तरी तिचं बोट धरून केलेला पदार्थ साधतोच. मला तिचा फार आदर वाटतो.

गेल्या हिवाळ्यात आई तीर्थपुरीहून माझ्याकडे आली ती तापानं पार गळून. ताप उतरला, पण अन्न पोटात जाईना. असंच राहिलं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं. मी पुस्तकातलं ‘आजाऱ्याचे पदार्थ’ हे प्रकरण काढलं आणि हुलग्याचं माडगं केलं. भाजलेल्या हुलग्यांचं पीठ, गूळ, सुंठ, वरून तूप. घरभर खमंग वास सुटला. आईनं एक घोट घेतला आणि वाटी बाजूला सारली.

“जावई जेवले का?”

“त्यांना उशीर होतो. तू घे.”

“मंग ठिव. मला काय जल्दी न्हाई.”

नवरा कामावरून येईपर्यंत तिचा डोळा लागलेला असायचा. रोज हेच. कुठं चुकतंय ते बघायला मी वैतागून पुन्हा पुस्तक उघडलं. कृती बरोबर होती. खाली बाईंनी लिहिलं होतं, ‘आजारी बाई घरातली वडीलधारी असल्यास आधी इतरांची पाने वाढावीत, व तिला दिसतील अशी वाढावीत. जन्मभर सर्वांच्या मागून जेवलेलीच्या घशाखाली पहिला घास उतरत नाही.’

एवढं कळणारी ती बाई स्वतः कधी कुणाच्या आधी जेवली असेल का, कोण जाणे.

मी नवऱ्याला फोन केला. त्या संध्याकाळी तो लवकर आला, आईच्या खाटेसमोर बसून भाकरी चुरून पोटभर जेवला. मुद्दाम मोठा ढेकरही दिला. आई सगळं न्याहाळत होती. मग तिनं आपणहून हात पुढे केला, वाटी रिकामी केली आणि म्हणाली, “अजून हाय का?”

रोज टाकून द्यावं लागायचं म्हणून मी वाटीभरच केलं होतं. मी पुन्हा गॅस पेटवला आणि पीठ कालवता कालवता रडत राहिले.