वहिनींचा करंजी घाट

पुतण्या सकाळीच नगरला आला. दारात उभा राहून, चपला न काढताच म्हणाला, "काका, आई गेली." गोदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. वय झालं होतं, झोपेतच गेल्या, तक्रार करायला जागा नाही. तरी मी त्याला साधा चहासुद्धा विचारला नाही... आता महिना होत आला. त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला म्हाताऱ्या वहिनी दिसतच नाहीत. दिसतात त्या नऊवारीचा कासोटा घट्ट खोचून भावाच्या सायकलवर बसलेल्या.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ. भाऊ पलटणीत, कुठल्या मुलखात तेही धड माहीत नाही. घाटाखाली करंजीच्या घरी लकव्यानं अंथरुणाला खिळलेली आई, मी आणि वहिनी. वहिनी सातवीची फायनल पास होत्या आणि शिकवायचं त्यांच्या मनात फार होतं. घाटमाथ्यावरच्या गावात मुलींची शाळा होती, पण मास्तर पुरुष म्हणून लोक पोरी पाठवत नव्हते. बोर्डाचे साहेब सांगून गेले की सुटीनंतर रोज घंटेला हजर राहणारी बाई मिळाली तर ठीक, नाहीतर शाळेला कुलूप. आईला सोडून वर बिऱ्हाड करणं वहिनींना शक्य नव्हतं, आणि सकाळी तिचं सगळं आटोपून पायी निघायचं तर घंटा चुकणार. राहिली सायकल. ती त्यांना भावानं खळ्यात शिकवली होती, तेव्हा गावानं तोंडसुख घ्यायचं तेवढं घेतलंच होतं. पण खळं वेगळं आणि करंजीचा घाट वेगळा. सायकल हातानं ढकलत न्यायची तर पायी जाण्याहून उशीर, म्हणजे बहुतेक चढ बसूनच चढायला हवा.

आम्ही दोघं बेत आखायला बसलो. पेट्रोल मिळेना म्हणून त्या दिवसांत मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. मागे भलीमोठी टाकी, धुरानं सगळ्यांची तोंडं काळी, आणि घाट आला की उतारू खाली उतरून मोटारीमागे चालू लागायचे. मोटार जिथं थांबते तिथंच चढ अवघड असणार, हे आम्हाला इतकं पटलं की मी मोटारीमागून चालत जाऊन तिच्या थांब्यांवर चुन्याच्या खुणा करून आलो. खुणेपर्यंत ताकद राखायची, खुणेला सगळा जोर लावायचा. वहिनींनी अगदी तसंच केलं, आणि शेवटच्या खुणेपुढच्या वळणावर सायकल एकीकडे, वहिनी चरात. गुडघा चांगलाच फुटला. त्या खुणेला ड्रायव्हर थांबायचा तो इंजिनात पाणी ओतायला, झऱ्याजवळच्या सपाटीवर. खरा चढ त्याच्यापुढे होता.

मी म्हटलं, सोडून देऊ. वहिनी गुडघा दाबत तिथंच बसल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला बघत होत्या. "भावजी, ह्ये दगड बगा की. कुनी आनले आसतील इथं?" मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. बैल थकले की गाडीवान चाकामागं दगड लावून त्यांना दम खाऊ देतात आणि निघताना दगड तिथंच टाकून जातात. जिथं दगड जास्त, तिथं चढ खरा. "मोटारीचं ऐकलं आपुन," वहिनी म्हणाल्या, "बैलांना इचारलंच न्हाई." आणि त्या अवस्थेतही हसल्या. मला त्यांची आठवण येते ती या हसण्यासकट येते, आणि फार येते.

नवा बेत दगडांवरून झाला. दगडांच्या अलीकडे थांबून दम खायचा, मग बैलगाडीसारखं रस्ताभर तिरकं-तिरकं जात वर सरकायचं. एक वळण काही केल्या जमेना, तिथं उतरून चालायचं त्यांनी ठरवूनच टाकलं, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. उन्हाळाभर हा उद्योग चालला. आईची जीभ जड झाली होती, तरी आम्ही परतलो की पडल्या पडल्या ती विचारायची, "कुटवर?" वहिनी तिच्या दंडावर बोट ठेवून दाखवायच्या, आज इथवर. बोट रोज थोडं खांद्याकडे सरकायचं.

शाळा उघडली त्या दिवशी मी मागून पायी पोचलो, तोवर घंटा होऊन गेली होती. साहेब ओट्यावर उभे, वहिनी आत खुर्चीवर, चेहरा लालबुंद. साहेबांनी काहीतरी विचारलं, पण वहिनींना एवढी धाप लागली होती की तोंडून शब्द फुटेना. त्यांनी पुढच्या मुलीला हातानंच खूण केली, तिनं पाढे सुरू केले, बाकीच्या तिच्यामागून. साहेब थोडा वेळ ऐकत राहिले आणि हजेरीवर सही करून निघून गेले. वहिनींनी त्या शाळेत पुढे कितीतरी वर्षं काढली.

परवा त्या शाळेत बातमी सांगायला गेलो. आताच्या बाई तरुण आहेत, एस.टी.नं येतात. आल्या, खुर्चीवर बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. एक मुलगी उठली, तिनं पाढे सुरू केले. मी बाईंना हळूच विचारलं, तर त्या म्हणाल्या, "इथं तसंच आहे. पाढे होईपर्यंत बाईंनी बोलायचं नाही." का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी मागच्या भिंतीला टेकून बसलो. मुली सावकाश एकेक पाढा पुढे सरकत होत्या... एवढ्या वेळात वहिनींचा दम बसला असता.